जुनी व्हीटेक दारात उभी आहे: आधी काय, मग काय

एप्रिलातली दुपार. बेळगावच्या गणपत गल्लीतलं काम आटोपून गाडीत बसलो, किल्ली फिरवली. स्टार्टर झकास फिरतोय, गाडी मात्र धरत नाही. मागं रिक्षावाल्याचा हॉर्न, समोर फुलांची गाडी. चारही काचा खाली करून घाम पुसत वीस मिनिटं बसलो, परत किल्ली फिरवली, तर काहीच झालं नाही अशा थाटात चालू. त्यानंतरच्या दोन महिन्यांत मी टाकीतला पेट्रोल पंप बदलला, फिल्टर बदलला, प्लग बदलले, कॉइल बदलली. दोष निघाला डॅशबोर्डखालच्या एका मेन रिलेत, म्हणजे पेट्रोल पंपाला वीज पोचवणाऱ्या स्विचात. आतल्या सोल्डरला केसाएवढी चीर होती. गाडी उन्हात तापली की जोड सुटायचा, गार झाली की बसायचा. टीव्ही दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी भिंग लावून तो जोड परत डागला आणि पन्नास रुपये घेतले.

गाडी २००१ ची होंडा सिटी, १.५ लिटरची, १०६ अश्वशक्तीची, व्हीटेकवाली (वरच्या आरपीएमला व्हॉल्व्ह जास्त उघडणारी होंडाची यंत्रणा). लान्सर, सेडिया, पहिली बलेनो, सिव्हिक असं काही तुमच्या दारात असेल तरी खाली लिहिलेलं बहुतेक सगळं लागू पडेल. या गाड्यांवर खर्च किती झाला यापेक्षा तो कुठल्या क्रमानं झाला यावरच गाडी राहते की जाते ते ठरतं, असं माझं मत आहे. माझा क्रम चुकला होता, म्हणून हे लिहितोय.

पहिला महिना: फक्त वही

गाडी नुकतीच घेतली असेल किंवा वडिलांची पडून असलेली परत रस्त्यावर आणायची असेल, तर पहिला महिनाभर तेल, फिल्टर आणि हवा सोडून कशालाही हात लावू नका. शंभर पानी वही घ्या. पहिल्या पानावर किलोमीटर आणि तारीख. पुढं गाडी चालवताना जे जे खटकेल ते लिहायचं: सकाळी पहिल्यांदा चालू करताना निळा धूर, स्टेअरिंग पूर्ण डावीकडं वळवलं की कटकट, टिळकवाडीच्या रेल्वे गेटवर मागून येणारा धप्प आवाज, तिसऱ्या गिअरला खरखर.

महिन्यानंतर प्रत्येक नोंदीपुढं तीनपैकी एक शब्द लिहा: जीव, इंजिन, हौस. ब्रेक, टायर, स्टेअरिंग, दिवे हे जीवात. पाणी, तेल, टायमिंग बेल्ट, पेट्रोलच्या नळ्या इंजिनात. अलॉय, एक्झॉस्ट, स्प्रिंगा, सीट कव्हरं हौसेत. जीव संपल्याशिवाय इंजिन नाही आणि इंजिन संपल्याशिवाय हौस नाही. ठरवलेल्या पैशातला तिसरा हिस्सा वेगळा ठेवा, त्याला कामाचं नाव देऊ नका. जुनी गाडी उघडली की त्याला नाव आपोआप मिळतं.

दुसरी पायरी: खरी तपासणी

मेस्त्री कानानं निदान करतो, आणि चांगला मेस्त्री बरोबरही करतो. तरी आकडे घ्या. बॅटरी रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास हवी, इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४. मल्टीमीटर दोन-चारशे रुपयांत मिळतो.

सगळ्यात महत्त्वाची परीक्षा कॉम्प्रेशनची, म्हणजे सिलेंडर हवा किती दाबतो याची. इंजिन गरम हवं, चारही प्लग बाहेर, पेट्रोल आणि इग्निशन बंद, बॅटरी चांगली. प्लगच्या भोकात प्रेशर गेज लावायचा, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून ठेवायचा आणि गेजचा काटा चढायचा थांबेपर्यंत स्टार्टर मारायचा. ॲक्सिलरेटर न दाबता टेस्ट घेणारे मी पाहिलेत. हवा आत जातच नाही, आकडा कमी येतो आणि चांगल्या इंजिनाला बोअरिंग (सिलेंडर आतून घासणं) सांगितलं जातं. चारही आकडे एकमेकांच्या जवळ असणं हे मूळ आकड्याइतकंच महत्त्वाचं. एखादा सिलेंडर बाकीच्यांपेक्षा दहा-पंधरा टक्क्यांहून खाली असेल तर प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल टाकून परत बघा. आकडा वाढला तर रिंगांची झीज, जागेवरच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधली सील. शेजारशेजारचे दोन सिलेंडर एकदम पडले असतील तर गॅस्केटवर पहिला संशय.

त्या काळच्या बऱ्याच होंडांना आजचा स्कॅनर लागत नाही. डॅशबोर्डखाली दोन पिनांचा एक कनेक्टर असतो. तो तारेच्या तुकड्यानं जोडून किल्ली ऑन केली की चेक इंजिनचा दिवा मिचकावतो. लांब मिचकावणं म्हणजे दहा, छोटं म्हणजे एक. "कॉम्प्युटर लावायला पाहिजे" म्हणून कुणी पाचशे रुपये मागितले तर आधी हे करून बघा. आणि किल्ली ऑन केल्यावर मागच्या सीटखालून दोन सेकंद पंपाची घूंऽऽ ऐकू येते का, याकडं रोज कान द्या. उन्हात गाडी धरली नाही आणि ती घूं नसेल, तर माझ्यासारखे प्लग बदलत बसू नका, आधी मेन रिले बघा.

मग गंज. इथं आपला मुलूख आडवा येतो. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडचा पाऊस आणि तांबडी माती यांनी वरून चकचकीत दिसणाऱ्या गाड्यांचे तळ खाऊन टाकलेत. गाडी लिफ्टवर घ्या आणि स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं तळ ठोकत चला. ठणठण आवाज आला तर पत्रा आहे, भदभद आला तर नुसती लांबी (पुट्टी) आणि रंग. जॅक लावायच्या जागा, पुढच्या सस्पेन्शनचे माउंट, मागच्या चाकांच्या कमानी आणि डिकीतली स्टेपनीची जागा इथं ठोकल्याशिवाय खाली उतरू नका. दारांच्या खालच्या कडेला पाणी जायची बारीक भोकं असतात. रंगकामात ती बुजवली जातात आणि दार आतून कुजतं. सायकलच्या तारेनं मोकळी करा, पाच मिनिटांचं काम.

सस्पेन्शनचे माउंट कुजलेले निघाले, तर बाकी वही बंद करून ही गाडी ठेवायची का हाच विचार करा. इंजिन बदलता येतं, बॉडी नाही.

कागद, कंटाळवाणे पण आधीच

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची. त्यानंतर फॉर्म २५ भरून, गाडी दाखवून, दर पाच वर्षांनी नूतनीकरण. माझं २०१६ ला झालं, २०२१ ला झालं, २०२६ चं तिसरं. २०२२ पासून १५ वर्षांवरच्या मोटारीच्या नूतनीकरणाची फी ५,००० रुपये झाली आणि २०२५ मध्ये २० वर्षांवरच्या गाडीसाठी १०,०००. हा खर्च वहीत पहिल्याच पानावर लिहा. कर्नाटकातल्या जुन्या गाड्यांना नवी एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबरप्लेटही लागते.

सीमाभागाचं दुखणं वेगळंच. कोल्हापूरला एमएच ०९ ची चांगली गाडी स्वस्तात मिळते, आपण उचलून आणतो, आणि मग ती सीमेपलीकडच्या, महाराष्ट्रातल्या शिनोळीच्या पाहुण्याच्या नावावर वर्षानुवर्षं फिरते. बारा महिन्यांहून जास्त दुसऱ्या राज्यात ठेवायची तर नोंदणी बदलावीच लागते. तिकडून फॉर्म २८ ची एनओसी, इकडं आयुष्यभराचा कर, मग तिकडच्या उरलेल्या कराचा परतावा. गाडीची किंमत ठरवताना हा कर धरून ठरवा, नाहीतर स्वस्त गाडी महाग पडते.

जीव

नोव्हेंबर ते मार्च आपल्या रस्त्यांवर ऊस असतो. चिक्कोडी, गोकाक, हुक्केरी, कुठंही जा, रात्री नऊला समोर अचानक दोन ट्रॉल्यांचा काळा डोंगर, मागं ना दिवा ना रिफ्लेक्टर. मी ब्रेक आणि हेडलाइट पहिले का म्हणतो, हे तेव्हा कळतं.

टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. १४१६ म्हणजे २०१६ सालचा चौदावा आठवडा. नक्षी कितीही शिल्लक असो, असा टायर काढून टाका. रबर वयानं कडक होतं आणि पावसात पकड सोडतं. या गाडीला चार चांगले टायर जेवढा फरक पाडतात तेवढा दुसरं काहीही पाडत नाही. अलॉयसाठी साठवलेले पैसे इथं घाला.

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं, दर दोन वर्षांनी पूर्ण बदला. रबरी ब्रेक होज वाकवून बघा, भेगा दिसल्या तर चारही एकदम बदला. डिस्कवर किमान जाडी कोरलेली किंवा छापलेली असते. व्हर्नियरनं मोजून, लेथवर घासल्यावरही ती शिल्लक राहणार असेल तरच घासा. मागचे ड्रम उघडलेत तर व्हील सिलेंडरचं रबर उचलून आत ओल आहे का बघा.

हेडलाइटच्या बाबतीत एक स्वस्त आणि उत्तम काम सुचवतो. जुन्या वायरिंगमध्ये बल्बपर्यंत पोचेतो व्होल्टेज गळतं. बॅटरीवरून थेट जाड वायर, फ्यूज आणि दोन रिले टाकले की कंपनीचाच ६०/५५ वॉटचा बल्ब नव्यासारखा पडतो. १००/९० चा बल्ब जुन्या वायरिंगवर लावू नका. आधी होल्डर वितळतो, नंतर काय वितळेल ते सांगता येत नाही.

बॉल जॉइंट, टाय रॉड एंड, लोअर आर्मचे बुश, शॉकअप हे एकाच वेळी करा आणि मगच अलाइनमेंट. एकेक करत गेलात तर अलाइनमेंटचे पैसे चारदा.

इंजिन: पाणी आधी, बेल्ट मग

आपल्याकडं जुनी गाडी गरम व्हायला लागली की पहिला उपाय ठरलेला: थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडं जाऊ न देणारी झडप, काढून फेकणे. माझ्याही गाडीत तो नव्हता. मेस्त्रीला विचारलं तर म्हणाला, "गाडी चालालीय की ओ, कशाला उघडालाय?" थर्मोस्टॅट नसला की इंजिन तापायला फार वेळ घेतं. कॉम्प्युटरला वाटतं इंजिन अजून गार आहे, तो पेट्रोल जास्त सोडतो, मायलेज पडतं आणि जादा पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं. खरा दोष, म्हणजे चोंदलेला रेडिएटर किंवा मेलेला फॅन, तसाच राहतो.

नवा थर्मोस्टॅट बसवण्याआधी तपासा. पातेल्यात पाणी, त्यात तो दोऱ्याला टांगायचा, शेजारी थर्मामीटर. होंडाचा साधारण ७६ ते ८० अंशांदरम्यान उघडायला लागतो. मी हा प्रयोग दुधाच्या पातेल्यात केला. ते पातेलं आता गॅरेजचं झालंय.

बोअरचं पाणी रेडिएटरात घालायचं नाही, त्यातले क्षार आत थर धरतात. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं. भरताना हीटर पूर्ण गरमवर ठेवा, ब्लीड बोल्ट असेल तर त्यातून हवा निघून सलग धार येईपर्यंत थांबा, आणि फॅन दोनदा चालू होऊन बंद पडेपर्यंत गाडीपाशीच उभे राहा. रेडिएटरचं झाकणही बदला. त्याची स्प्रिंग मेली की दाब टिकत नाही आणि पाणी लवकर उकळतं.

टायमिंग बेल्ट, म्हणजे क्रँक आणि कॅम एका तालात फिरवणारा पट्टा, शेवटचा कधी बदलला याची पावती नसेल, तर तो बदललेला नाही असं धरा. या जातीच्या बहुतेक इंजिनांत बेल्ट तुटला की पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो. एक लाख किलोमीटर किंवा पाच-सहा वर्षं, जे आधी येईल ते. बेल्टबरोबर टेन्शनर, वॉटर पंप, क्रँक आणि कॅमचे ऑइल सील, डिस्ट्रिब्युटरची ओ-रिंग हे सगळं त्याच दिवशी. मजुरी एकदाच जाते.

आता एक गंमत. या गाडीतलं होंडाच्या जुन्या डी मालिकेतलं इंजिन पुलीच्या बाजूनं पाहिलं तर घड्याळाच्या उलट फिरतं. बेल्ट बसवल्यावर हातानं फिरवून खुणा तपासायच्या त्याही त्याच दिशेनं, नाहीतर बेल्ट दात सोडू शकतो. माझ्या गाडीवर काम करणाऱ्या गॅरेजच्या पोरानं हे कुठंतरी ऐकलं होतं आणि त्यावरून अर्थ काढला की क्रँक पुलीचा बोल्टही उलट्या आट्याचा असणार. बोल्ट साधाच असतो. त्यानं चार फुटी पाइप लावून तो अर्धा तास आणखी आवळला. पुली धरून ठेवायला तोंडाशी ५० मिलिमीटरचा षटकोनी खळगा होता, त्यात बसणारं अवजार बाजारात मिळेना. उद्यमबागेत, बेळगावच्या औद्योगिक वसाहतीत, एका लेथवाल्यानं षटकोनी बार कापून, मधून सॉकेट जाईल एवढं भोक पाडून, वर फ्लॅट पट्टी वेल्ड करून संध्याकाळपर्यंत हातात दिलं. ते अवजार आजवर शहापूर-वडगावच्या पाच-सहा गाड्यांना फिरून आलंय.

व्हीटेक म्हणजे काय हे थोडक्यात. १९८९ च्या होंडा इंटेग्रात ही यंत्रणा पहिल्यांदा आली, १.६ लिटरमधून १६० अश्वशक्ती. आपल्या सिटीतली साधी, एका कॅमशाफ्टची. वरच्या आरपीएमला ऑइलच्या दाबानं एक पिन सरकते, रॉकर एकमेकांत अडकतात आणि व्हॉल्व्ह जास्त उघडतात. म्हणजे सगळा खेळ ऑइलचा. पातळी कमी असेल किंवा सोलेनॉइडखालची (ऑइलची वाट उघडणाऱ्या विजेच्या झडपेखालची) जाळी गाळानं भरली असेल तर ती वरची ओढ येतच नाही, आणि लोक इंजिन म्हातारं झालं म्हणतात. ती जाळी-गॅस्केट बदलायला दोन-तीन बोल्ट सोडावे लागतात. ऑइल गळतीही बऱ्याचदा तिथूनच असते.

पेट्रोलच्या नळ्यांविषयी एवढंच की आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे. आपल्याच जिल्ह्यातल्या उसाचा रस म्हणा. २००१ च्या रबराला त्याची सवय नाही. टाकीपासून इंजिनपर्यंतच्या सगळ्या रबरी नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या इंजेक्शन ग्रेडच्या घाला, आणि पावसाळाभर गाडी उभी ठेवणार असाल तर टाकी अर्धी ठेवू नका, इथेनॉल ओलावा धरतं.

पार्ट शोधताना

"सिटीचा वॉटर पंप द्या" असं काउंटरवर म्हणू नका, नंबर सांगा. होंडाच्या नंबरातले पहिले पाच आकडे पार्ट कोणता ते सांगतात: १४४०० टायमिंग बेल्ट, १९२०० वॉटर पंप, १९३०१ थर्मोस्टॅट. मधली तीन अक्षरं कोणत्या इंजिनासाठी ते. जुन्या पार्टवर नंबर असतोच, फेकण्याआधी फोटो काढा. होंडाचा डबा मिळाला नाही तर त्या त्या वस्तूत मुरलेल्या कंपनीचा घ्या: आयसिनचा पंप, एनजीकेचे प्लग, केवायबीचे शॉकअप. बेळगावात नाही मिळालं तर कोल्हापूर, मग पुणे. कुर्ल्याच्या जुन्या बाजारातून काच, दिवे, दाराची हँडलं, स्विच खुशाल आणा. ब्रेक, रबर आणि सील मात्र जुने आणू नका.

उद्यमबागेचं सुख आणि त्याची हद्द

ओतकाम आणि लेथ यांच्या बाबतीत आपण नशीबवान. मुंबईत आठवडा लागेल ते काम इथं चहा पिऊन होईपर्यंत होतं. त्यामुळेच मोह होतो. हेड खोललं की "फेसिंग मारून टाकू" (तळ घासून सपाट करू) हे ठरलेलं. आधी सरळ पट्टी आणि फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्या) लावून बघा. ०.०५ मिलिमीटरच्या आत वाक असेल तर हात लावू नका. त्याहून जास्त असेल तर घासा, पण एकूण ०.२ च्या पुढं नाही. हेड जेवढं उतरतं तेवढा कॅमचा टायमिंग सरकतो आणि पुढच्या वेळेला घासायला काही उरत नाही. किती काढलं ते लेथवाल्याकडून वहीत लिहून घ्या.

ब्रॅकेट, स्पेसर, अवजारं, पुली, एक्झॉस्टचे फ्लँज हे सगळं बनवून घ्या. नायलॉनचे सस्पेन्शन बुश बनवून देणारेही भेटतील. ते टिकतात खरे, पण धक्का गिळत नाहीत, सगळा धक्का चेसिसच्या माउंटवर जातो. आणि स्टेअरिंगचा किंवा ब्रेकचा कुठलाही भाग वेल्ड करून आणायचा नाही. वेल्डर कितीही ओळखीचा असो.

हौस

इथवर आलात तर बहुतेक पैसे संपलेले असतात आणि गाडी पहिल्यापेक्षा इतकी वेगळी चालत असते की निम्मी हौस आपोआप फिटते. उरलेल्यात काय करावं? चांगले ब्रेक पॅड. कंपनीच्याच उंचीचे, थोडे कडक शॉकअप. स्प्रिंगा कापू नका, आपल्या स्पीडब्रेकरांवर तळ घासून आणलेली सिटी मी बघितलीय. पोकळ आवाजाचा एक्झॉस्ट आणि उघडा एअर फिल्टर १०६ चे १५० करत नाहीत, फक्त आवाज करतात, आणि तांबडी धूळ फिल्टरमधून आत गेली तर रिंगाही झिजतात.

जपानहून आलेलं दुसरं, मोठं इंजिन बसवायचं स्वप्न प्रत्येकाला पडतं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ रचनेत बदल करू देत नाही, आणि इंजिन नंबर बदलला की आरसीवर नोंद हवी. नोंदीशिवाय अपघात झाला तर विमा कंपनी आधी तेच विचारते. तेवढ्या पैशात आपलंच इंजिन रिंगा, बेअरिंग, व्हॉल्व्ह लॅपिंगसह नीट उघडून बांधता येतं.

शेवटची परीक्षा चोर्ल्याला

काम संपल्यावर दोनशे किलोमीटर गावातल्या गावात, मग गोव्याकडचा चोर्ला घाट. जांबोटी, कणकुंबीवरून खाली गोव्यात केरीपर्यंत उतरा. खरी परीक्षा परतीच्या चढात. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरला, एसी लावून, तापमानाचा काटा अर्ध्याच्या खाली जिथं असतो तिथंच राहिला पाहिजे. उतारावर गिअर धरून उतरा, आणि तरीही खाली पोचल्यावर ब्रेक पेडल मऊ झालं असेल तर ब्रेक ऑइल नीट ब्लीड झालेलं नाही.

घरी आल्यावर लगेच बॉनेट उघडू नका. रात्री गाडीखाली जुना वर्तमानपत्राचा कागद पसरून ठेवा. सकाळी गार इंजिनाचं पाणी आणि ऑइल बघा, चाकांचे नट १०८ न्यूटन मीटरला परत तपासा, मग कागद ओढा. ठिपका हिरवा असेल तर कूलंट, काळा असेल तर ऑइल, नुसतं पाणी असेल तर एसीचं, ते सोडून द्या. कुठल्या जागी पडला त्याची चाकापासूनची बोटं मोजा आणि वहीचं नवं पान उघडा.